आमच्या फीनचा शब्द

एकोणतीस वर्षं मी आइंडहोवनमध्ये बस चालवतेय. दर ऑक्टोबरात शहरात ते डिझाइनचं प्रदर्शन भरतं, जुन्या कारखान्यांच्या शेडमध्ये, नऊ दिवस. ते नऊ दिवस माझी बस काळ्या कपड्यांच्या माणसांनी गच्च भरलेली असते. काळा कोट, काळी पँट, जाड काड्यांचा चष्मा आणि पायांत मात्र पिवळेधमक बूट. एकदा एकानं मला विचारलं, "बाई, ती बुरशीपासून बनवलेली खुर्ची कुठल्या शेडमध्ये आहे हो?" म्हटलं, "आमच्या डेपोत चला, तिथल्या सगळ्याच खुर्च्यांना बुरशी आहे." अख्खी बस हसली. पण मी स्वतः आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. ते आपल्यासाठी नाहीच, असं धरून चालले होते.

आत गेले ती हिस्केमुळं. आणि हिस्केनं माझा केसानं गळा कापला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागले तर तुम्ही फसू नका. मी फसले तेवढं पुरे.

हिस्के फ्रीसलंडची, म्हणजे पार उत्तरेची. इथं डिझाइन शिकायला आली आणि इथंच राहिली. वय बत्तीस, केस मुलासारखे कापलेले, बोलणं गोड. माझी आई ज्या वृद्धाश्रमात आहे तिथं ती दोन वर्षांपूर्वी यायला लागली. "म्हाताऱ्या माणसांच्या हातांचा अभ्यास करतेय," म्हणाली. मी म्हटलं, "कर बाई, इथं हातांना काही तोटा नाही."

आई, म्हणजे फीन, तेव्हा सत्त्याऐंशीची होती. विस्मरणानं तिचं एकेक करून सगळं नेलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातवंडांची, मग माझं. शेवटी तोंडात एकच शब्द उरला: स्खोन. टेबलावर कापड अंथरलेलं असलं की ती उजवा तळहात त्यावर सपाट ठेवायची आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायची. मध्येच थांबायची, अंगठ्यानं एक जागा चाचपायची, पुढं जायची. टोकाला पोचली की म्हणायची, "स्खोन." दिवसातून पन्नास वेळा.

आई गेल्ड्रॉपच्या लोकरी कापडाच्या गिरणीत रफूवाली होती. मागावरून उतरलेल्या कापडात कुठं धागा तुटलेला असतो, कुठं गाठ. डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतं. ती जागा शोधायची आणि सुईनं धागा असा भरायचा की विणणाऱ्यालाही सापडू नये. लग्न झाल्यावर गिरणीनं तिला काढून टाकलं, तेव्हा सगळ्याच बायकांना काढायचे. पण तिच्यासारखा हात दुसरा मिळेना, म्हणून मग तागे आमच्या घरी यायला लागले. खिडकीपाशी तिचं उतरतं टेबल होतं. आम्ही शाळेतून आलो की ती मान वर न करता म्हणायची, "हात धुतल्याशिवाय इकडं फिरकू नका." तुकडा पुरा झाला की तळहात फिरवायची आणि स्वतःशीच म्हणायची, "स्खोन."

आता गोम काय आहे ती ऐका. आम्हा ब्राबांटच्या, म्हणजे देशाच्या दक्षिणेकडच्या लोकांच्या बोलीत स्खोन म्हणजे सुंदर. पोरगी स्खोन, गाणं स्खोन, मिरवणूक स्खोन. देशाच्या मधून वाहणाऱ्या मोठ्या नद्या ओलांडून वर, उत्तरेला गेलात की तोच शब्द म्हणजे स्वच्छ. धुतलेलं, पुसलेलं. माझ्या चुलतभावानं नद्यांपलीकडची बायको केली. पहिल्याच भेटीत आमचे आजोबा तिला म्हणाले, "पोरी, तू फार स्खोन आहेस गं." ती बिचारी लाजून म्हणाली, "हो, सकाळीच आंघोळ केलीय." तीस वर्षं झाली, अजून तिला घरात कुणी सोडत नाही.

आणि स्वच्छतेचं म्हणाल तर आमच्या आईसारखी गबाळी बाई अख्ख्या गल्लीत नव्हती. दर शनिवारी बाकीच्या बायका गुडघ्यांवर बसून घरासमोरची फरशी घासायच्या. आमच्या दारात शेवाळ. खिडक्या बाबा पुसायचे, तेही नातेवाईक यायचे असले तर. समोरची काकू एकदा तोंडावर म्हणाली, "फीन, तुला लाज कशी वाटत नाही गं?" आई म्हणाली, "फरशी उद्या परत घाण होणार. मी रफू केलेला कोट माणूस थडग्यात घालून जातो." काकू महिनाभर बोलली नाही. आईला त्याचं काही नव्हतं.

तर हिस्के. दर मंगळवारी दुपारी यायची. मंगळवार माझाही सुट्टीचा वार. आम्ही तिघी कॉफी घ्यायचो, एकेक बिस्कीट. हिस्के आईची नखं कापायची, हातांना मलम लावायची, तासन्‌तास तिच्या हालचालीची चित्रं काढायची. आवाज टिपून घ्यायची. एकदा तिनं आईच्या हाताचा साचा घेतला. आई कोमट मेणात हात बुडवून अशी गप्प बसली, जणू न्हाऊ घालताहेत. आमच्याकडे घरच्या माणसाच्या नावाआधी "आमची" लावायची पद्धत आहे: आमची रीकी, म्हणजे मी, आमचा नाउड, म्हणजे माझा भाऊ. नद्यांपलीकडचे लोक ह्याला हसतात. एका मंगळवारी मला उशीर झाला. मी दारात पोचते तोच हिस्के म्हणाली, "रीकी, आज आमची फीन हसली." आमची फीन! मी तिथंच विरघळले. मला मूल नाही. आता आणखी काय सांगू?

मार्चमध्ये मी तिला घरी जेवायला बोलावलं. मांसाचे गोळे घातलेलं भाज्यांचं सूप केलं होतं. दोन चमचे घेतल्यावर तिनं विचारलं, "रीकी, फीन सारखं 'स्वच्छ, स्वच्छ' काय म्हणते गं? एवढी घरं घासली का तिनं?"

मला हसून हसून ठसका लागला. मग मी सगळं सांगितलं. गिरणी, रफू, शेवाळ, काकू, आंघोळ केलेली वहिनी. कपाटातून आईच्या हातचा करड्या लोकरीचा तुकडा काढला आणि म्हटलं, "ह्यात तीन ठिकाणी रफू आहे. शोध." ती उजेडात धरून, डोळ्यांजवळ नेऊन, उलटा करून बघत बसली. सूप निवलं. एकही सापडलं नाही तिला. मी तिचा तळहात धरून त्यावरून फिरवला तेव्हा एक लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वही काढली आणि माझ्यासमोर लिहिलं: स्खोन म्हणजे सुंदर. खाली दोन रेघा मारल्या.

"ह्यावरच करणार मी काम," ती म्हणाली. "पण आता काही विचारू नकोस. ऑक्टोबरात ये आणि बघ."

मी डेपोभर सांगत सुटले. आमची आई प्रदर्शनात येणार! बसमध्ये माइकवरून सांगितलं, काळ्या कोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा थोरला भाऊ नाउड आमर्सफोर्टला असतो. आईची कागदपत्रं, सह्या सगळं तो बघतो. त्यालाही बोलावलं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं आत गेलो. आणि खोटं कशाला बोलू, मी हरखले. कालव्यातल्या गाळाचे भाजलेले वाडगे होते. उजेड वाढला की आपोआप मिटणारा पडदा होता. पोलिसांच्या जुन्या गणवेशांची लोकर उसवून विणलेली घोंगडी होती, तिला हात लावू देत होते. मी तळहात सपाट ठेवून फिरवला, आईसारखा. कुणीतरी वर्षवर्षभर बसून हे केलंय, हे हाताला कळत होतं. एका पोरानं मला त्याचा दिवा कसा पेटतो ते तीनदा दाखवलं, न कंटाळता. मी मनात म्हटलं, रीकी, एकोणतीस वर्षं दारावरून बस नेलीस आणि मूर्खासारखी हसत राहिलीस. ही तर आईच्याच जातीची माणसं आहेत.

मग आम्ही हिस्केच्या शेडमध्ये शिरलो.

मधोमध लांब टेबल. त्यावर लाकडी यंत्राचा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला आईचा हात. चिनी मातीचा, पांढरा, प्रत्येक सुरकुती जिथल्या तिथं. हाताखाली पिवळं फडकं. टेबल पुसायचं, दुकानात पाकिटात मिळतं ते. हात डावीकडून उजवीकडे जायचा, थांबायचा, अंगठा चाचपायचा, पुढं जायचा. टोकाला पोचला की वरून आईचा आवाज यायचा: "स्खोन." आणि परत पहिल्यापासून. टेबल पुसतच होता तो हात.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, स्खोन. आणि त्याच्या खाली इंग्रजीत, क्लीन. बाजूला पाटी: "फीन, वय ८८, गृहिणी. आयुष्यभर घर घासलं. विस्मरणानं तिचं सगळं नेलं, फक्त काम तेवढं मागे ठेवलं."

लोक चर्चमध्ये उभे राहावेत तसे उभे होते. एक बाई डोळे पुसत होती. नाउड माझ्या कानात म्हणाला, "अगं, आईचा आवाज किती स्पष्ट आलाय!"

हिस्के कोपऱ्यात चार-पाच जणांच्या घोळक्यात होती, हातात ग्लास. मला बघून धावत आली.

"रीकी! आलीस! कसं वाटलं?"

"हे क्लीन काय आहे?"

"अगं, आपल्या भाषेत दोन्ही अर्थ राहतात ना, तेच तर..."

"आपल्या भाषेत राहतात. खालचं इंग्रजी कुणी लिहिलं?"

तिनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"मी तुला मार्चमध्ये सांगितलं होतं, हिस्के. माझ्या टेबलावर बसून. तू वहीत लिहिलं होतंस."

"मला आठवतंय."

"म्हणजे तू विसरली नाहीस?"

"नाही."

विसरले म्हणाली असती तर मी माफ केलं असतं हो. उत्तरेची पोर आहे, गोंधळ झाला असेल, म्हटलं असतं. तिनं तीही सोय ठेवली नाही.

"एप्रिलमध्ये मी ॲमस्टरडॅमच्या एका गॅलरीत दोन्ही लावून बघितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "आधी रफूवाली, सुंदर. लोक यायचे, छान आहे म्हणायचे आणि पुढं जायचे. मग स्वच्छ लावलं. लोक थांबले, रीकी. रडले. प्रत्येकाला आपली आई आठवली."

"पण ती माझी आई नाही!"

"हे काम एकट्या फीनबद्दल नाहीच आहे. एका अख्ख्या पिढीच्या बायकांबद्दल आहे."

"मग आवाज पिढीचा घ्यायचास. हात पिढीचा घ्यायचास. माझ्या आईचा हात घेतलास आणि त्यात फडकं दिलंस? तिनं आयुष्यात फडकं धरलं नाही गं, भवाने!"

शेड एकदम शांत झाली. त्या शांततेत वरून आई म्हणाली, "स्खोन."

हिस्केनं मला बाहेर नेलं, बाकावर बसवलं. गुरुवारी एका मोठ्या म्युझियमची माणसं बघायला येणार आहेत, असं तिनंच सांगितलं. त्यांनी घेतलं की ते कायमचं त्यांचं, पाटीसकट. पुढची शंभर वर्षं शाळेची पोरं तिथं येणार आणि वाचणार. मी म्हटलं, "मला बाकी काही नको. बुधवारपर्यंत पाटी बदल. रफूवाली लिही. ते क्लीन काढ. एवढंच." तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "बदलते," म्हणाली. "शब्द देते तुला, रीकी. आमच्या फीनची शपथ."

आणि मी विश्वास ठेवला. माझी बुद्धी बघा.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी गणवेशातच तिकडं गेले. पाटी खरंच बदलली होती. नवीकोरी. गृहिणी तशीच, घासलेलं घर तसंच, क्लीन तसंच. फक्त तळाशी एक ओळ वाढली होती: "कुटुंबाच्या संमतीने."

मी तिथूनच नाउडला फोन लावला.

"तू सही केलीस?"

"रविवारी आली होती ती आमच्याकडे. केक घेऊन आली होती. चांगली पोरगी आहे, रीकी."

"काय लिहिलंय ते वाचलंस?"

"वाचलं ना. त्यात वाईट काय आहे? कष्टाळू बाई होती, असंच म्हटलंय."

"नाउड, स्खोन म्हणजे काय?"

"आता हे काय?"

"सांग. तुझ्या आईच्या तोंडात स्खोन म्हणजे काय?"

"हे बघ, इकडं तर सगळे स्वच्छच म्हणतात. मला आता नेमकं आठवतही नाही कोण कसं म्हणायचं. म्युझियममध्ये जाणार आहे आई! आपल्या घराण्यातलं कोण गेलंय म्युझियममध्ये, तिकीट काढूनसुद्धा? उगाच तमाशा करू नकोस."

त्याला आठवत नव्हतं, हे मला खरं वाटत नाही. त्याच टेबलाखाली बसून तो खेळलाय. पण तीस वर्षं नद्यांपलीकडे राहून त्याची जीभ तिकडची झालीय आणि आपण इकडचे होतो ह्याची त्याला लाज वाटते. शेवाळाची लाज त्यालाच वाटायची. शनिवारी मित्र यायचे असले की लपूनछपून फरशी घासणारा तोच होता. आता त्याला घासूनपुसून स्वच्छ केलेली आई मिळाली, तीही म्युझियमच्या शिक्क्यासह. तो कशाला सोडतोय?

मी म्युझियमला पत्र लिहिलं. फार सभ्य उत्तर आलं. कलाकाराच्या मांडणीत ते ढवळाढवळ करत नाहीत, आणि कुटुंबाची संमती त्यांच्याकडे आहे. काम त्यांनी घेतलं. पेपरात फोटो आला, टीव्हीवर आलं, हिस्के बोलत होती, आवाज भरून येत होता. डेपोत सगळे माझं अभिनंदन करायला लागले. "काय गं रीकी, तुमच्या घरी जेवायला बसायचं म्हणजे बूट काढून बसावं लागत असेल!" मी पहिल्या दोघातिघांना समजावून सांगितलं. नंतर नाद सोडला. हिस्के वृद्धाश्रमात परत आली नाही. अभ्यास संपला असावा.

हिवाळा गेला. आई दुपारी गप्प गप्प असायची. मी कापड अंथरलं तरी हात मांडीवरच. हात लाल दिसायचे, खरखरीत झालेले. मी नर्सला विचारून मलम आणलं. वय झालं, म्हटलं, हाही शब्द आता गेला असेल.

फेब्रुवारीत एकदा माझी पाळी बदलली, म्हणून मी मंगळवारी दुपारच्या ऐवजी गुरुवारी सकाळीच, गणवेशातच गेले. आई खोलीत नव्हती. जेवणघरात सापडली. एकटी उभी होती, कमरेला प्लास्टिकचा एप्रन, शेजारी बादली आणि हातात पिवळं फडकं. नाश्त्याचं टेबल पुसत होती. भराभर, गोल गोल. तळहात सपाट नव्हता. अंगठा कुठंच थांबत नव्हता.

तिथली नवी मुलगी इमके, झ्वोलेकडची, म्हणजे नद्यांपलीकडची, हसत पुढं आली. "बघा ना, किती रमतात! आम्हाला आधी माहीतच नव्हतं हो, टीव्हीवर बघितलं तेव्हा कळलं की फीनबाईंना स्वच्छतेची एवढी आवड. सुरुवातीला फडकं हातात दिलं की नुसत्या चाचपत बसायच्या. मग मी हात धरून शिकवलं, असं गोल पुसायचं. आता रोज सकाळी सहा टेबलं त्यांची."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. काही चुकलं का?"

त्या पोरीवर काय ओरडणार? तिनं प्रेमानंच केलं होतं. मी आईजवळ गेले आणि तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. ती दचकली. मान वर करून तिनं माझ्याकडं बघितलं, आधी माझ्या गणवेशाकडं, मग तोंडाकडं. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं, ते आता जुनं झालं. पण आई कधी कुणाला घाबरलेली मी बघितली नव्हती. गिरणीच्या मुकादमालासुद्धा नाही.

"स्खोन झालं का, बाई?" तिनं विचारलं. स्खोनपुढचे ते शब्द इमकेनंच शिकवलेले असणार.

अठ्ठ्याऐंशी वर्षांत तिनं तो शब्द त्या अर्थानं एकदाही उच्चारला नव्हता. आमच्या बोलीत असं कुणी विचारतच नाही. ती उत्तरासाठी थांबली होती, ओले हात एप्रनला पुसत.

मी "हो" म्हटलं. तिनं माझ्या हातातून फडकं परत घेतलं आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली.